सूट कोणाला? : परदेशगमनाच्या परवान्याचा आणि आपला इतिहास

मराठीत परदेशाविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी प्रवासवर्णन आहे. त्यात समुद्र असतो, सूर्यास्त असतो, संग्रहालये आणि पुतळे असतात. बंदरावर टेबलामागे बसलेला कारकून मात्र त्यात सहसा नसतो. याचे कारण साधे आहे. ज्याला कारकुनाने अडवले नाही त्याला कारकून आठवत नाही. ज्याला अडवले गेले त्याला प्रथम कारकून दिसतो, नंतर समुद्र. आणि ज्याला अडवले गेले त्याने प्रवासवर्णन लिहिलेले नाही.

परदेशगमनाचा इतिहास आपल्या बाजूने लिहायचा असेल तर तो कारकुनापुढच्या कागदापासून लिहावा लागेल. या कागदाचे दोन भाग असतात. एक परवाना, म्हणजे काय दाखवल्याशिवाय जाता येणार नाही याची अट. दुसरी सूट, म्हणजे ही अट कोणाला लागू नाही याची यादी. अभ्यासक अटींचा विचार करतात. माझे म्हणणे असे की समाजाचा खरा चेहरा सुटीच्या यादीत दिसतो. गावगाड्यात वेठ कोणावर होती हे जितके महत्त्वाचे, तितकेच वेठ कोणाला माफ होती हेही महत्त्वाचे. माफीची यादी वाचली की गाव समजते. देशांच्या सीमांचेही तसेच आहे.

इंग्रज अमदानीत गरीब भारतीयाला समुद्र ओलांडण्यासाठी जो पहिला छापील कागद मिळाला तो पासपोर्ट नव्हता. तो गिरमिटाचा परवाना होता. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ या जहाजातून ३६ मजूर मॉरिशसला उतरले, आणि १९१७ मध्ये ही भरती थांबेपर्यंत बारा-तेरा लाख माणसे मॉरिशस, ब्रिटिश गियाना, त्रिनिदाद, नाताळ, सुरिनाम, फिजी अशा मुलखांत गेली. त्यांत मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेले मराठी भाषकही होते. त्यांच्या वंशजांचा मराठी समाज तेथे आजही नांदतो आहे.

फिजीला गेलेल्यांचे परवाने जपून ठेवले गेले आहेत. त्यावरचे रकाने पाहण्यासारखे आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जिल्हा, ठाणे, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि जात. होय, जात. मळ्याच्या मालकाला माणसाचे बळ हवे होते, त्याच्या जातीशी मालकाला काय करायचे होते? तरीही छापखान्यात रकाना जुळवला गेला आणि डेपोतल्या कारकुनाने तो भरला. त्यात चमार आहेत, कुर्मी आहेत, अहीर आहेत, ठाकूर आणि ब्राह्मणही आहेत. समुद्र ओलांडल्याने जात बुडते असे शास्त्र सांगत होते. सरकारी कागदाने ती समुद्रापार सुखरूप पोहोचवली. शास्त्राला जे भय होते ते निदान कागदावर तरी खोटे ठरले.

याच इतिहासातली आणखी एक गोष्ट. मॉरिशसमध्ये १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांवर छायाचित्र चिकटवलेला परवाना बाळगण्याची सक्ती झाली. तो जवळ नसला की माणूस ‘भटक्या’ ठरे आणि तुरुंगात जाई. ब्रिटिश पासपोर्टावर छायाचित्राची सक्ती आली ती पहिल्या महायुद्धात. म्हणजे आज जगातला प्रत्येक प्रवासी ज्या चिकटवलेल्या चेहऱ्याने ओळखला जातो त्या पद्धतीचा प्रयोग आधी कुलींवर झाला. साहेबाच्या चेहऱ्यावर ती पाळी अर्ध्या शतकाने आली. इतिहासाची पाठ्यपुस्तके पासपोर्टाचा जन्म राजेरजवाड्यांच्या शिफारसपत्रांत शोधतात. त्याचे एक मूळ मळ्यांतही आहे.

आता सुटीकडे वळू. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये प्रवेशनिर्बंधाचा कायदा केला. कायद्यात ‘भारतीय’ हा शब्दच नव्हता. युरोपातील कोणत्याही एका भाषेत ज्याला अर्ज लिहून सही करता येत नाही त्याला प्रवेश नाही, एवढेच म्हटले होते. रोख कोणावर होता हे सर्वांना ठाऊक होते. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने येणाऱ्या भारतीयाला रोखायचे होते. पण या कायद्यात एक सूट होती. सरकारमान्य योजनेखाली आणलेल्या मजुरांना ही परीक्षा लागू नव्हती! गिरमिटिया निरक्षर असला तरी चालेल, किंबहुना निरक्षर असलेलाच बरा. स्वतंत्र माणूस निरक्षर असता कामा नये. ज्या वसाहतीत १८६० ते १९११ या काळात दीड लाखाहून अधिक भारतीय मजूर आणले गेले, तिने साक्षरतेची चाळणी लावली ती माणसाच्या स्वातंत्र्याला. आणि करार संपल्यावर जो पुन्हा करारात शिरणार नाही व परतही जाणार नाही, त्याच्यावर १८९५ च्या कायद्याने वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला. हात हवेत, माणूस नको, हे याहून स्पष्ट कसे सांगणार?

नाताळची युक्ती जगभर गेली. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये ती उचलली. वंशाचे नाव न घेता वंश रोखायचा आणि त्यासाठी अक्षराची चाळणी लावायची, ही ती युक्ती. आपल्याला ती परकी वाटू नये. ज्यांना अक्षर शिकू दिले नाही त्यांना ‘तुम्हाला अक्षर येत नाही’ म्हणून बाहेर ठेवायचे, हा न्याय आपल्या पूर्वजांच्या परिचयाचाच होता.

अमेरिकेने ५ फेब्रुवारी १९१७ रोजी केलेल्या कायद्यात आशियाचा मोठा पट्टा आखून तेथील लोकांना प्रवेश बंद केला. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. पण याही कायद्याला सुटीची यादी होती. सरकारी अधिकारी, धर्मोपदेशक, वकील, डॉक्टर, रसायनतज्ज्ञ, इंजिनिअर, शिक्षक, विद्यार्थी, लेखक, कलावंत, व्यापारी, आणि केवळ कुतूहलासाठी वा मौजेसाठी फिरणारे. ही यादी सावकाश वाचावी. हिंदू समाजव्यवस्थेने अस्पृश्याला जे जे होण्याची मनाई केली होती त्याची ही जवळजवळ पूर्ण यादी आहे. वॉशिंग्टनमधील कायदेमंडळाला मनुस्मृतीची माहिती असण्याची गरज नव्हती. विद्येला दार उघडे आणि श्रमाला बंद एवढे ठरवले, की हिंदुस्थानपुरता निकाल आपोआप मनूच्या बाजूने लागत होता.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि १९१६ मध्ये तेथून लंडनला. हा कायदा झाला तेव्हा ते लंडनमध्ये होते. कायदा आधी झाला असता तरी विद्यार्थी म्हणून ते सुटीत बसले असते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण सुटीत बसण्याआधी विद्यार्थी व्हावे लागते, आणि सुभेदार रामजींचा हा मुलगा कोलंबियाचा विद्यार्थी झाला तो सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीमुळे. सूट मिळण्यास पात्र होण्यासाठी आधी एक सूट लागते. पहिली सूट कायद्यात लिहिलेली असते, दुसरी समाजाने द्यायची असते. पहिलीवर बोट ठेवून दुसरीविषयी मौन पाळणे, यालाच गुणवत्ता म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे.

पहिल्या महायुद्धाने पासपोर्ट सक्तीचा केला. १९२० चा हिंदुस्थानचा पासपोर्ट कायदा आला आणि पाठोपाठ १९२२ चा देशांतराचा कायदा आला. या दुसऱ्या कायद्याने अकुशल मजुराच्या बाहेर जाण्यावर वेगळे नियंत्रण बसवले. सरकार ज्या देशांची नावे जाहीर करील तेथेच, आणि सरकार घालील त्या अटींवरच, त्याने जावे. गिरमिटातील अत्याचारांविरुद्ध देशात जो क्षोभ उसळला त्याचे हे फळ होते, त्यामागे सद्हेतू होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु याच ठिकाणी एक वाट फुटली. एक प्रवासी पासपोर्ट घेऊन जाणारा, दुसरा पासपोर्टाशिवाय आणखी कोणाची तरी परवानगी घेऊन जाणारा. पहिला नागरिक, दुसरा पाल्य. परवान्यावरचा जातीचा रकाना गेला, पण त्याच्या जागी ‘कुशल’ आणि ‘अकुशल’ हे दोन शब्द आले. गटार साफ करणे, कातडे कमावणे, मेलेले जनावर ओढणे ही ‘अकुशल’ कामे आहेत हे कोणी ठरवले? ज्याने ती कधी केली नाहीत त्याने.

स्वातंत्र्य आले, घटना आली, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाली. पासपोर्टाच्या खिडकीवर काय झाले? राष्ट्रकुलाच्या नागरिकाला त्या काळी ब्रिटनमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नव्हता. म्हणजे ब्रिटनचे दार सर्वांनाच उघडे होते. तेव्हा बंद केले गेले ते आपले दार. ब्रिटनच्या इच्छेला मान देऊन भारत सरकारने १९५० नंतरच्या दशकात अशिक्षित आणि अकुशल लोकांना पासपोर्ट देण्यात हात आखडता घेतला. असले लोक परदेशात गेले तर देशाची अब्रू जाईल, अशी भावना त्यामागे होती, हे त्या काळची दप्तरे पाहणाऱ्या इतिहासकारांनी दाखवले आहे. देशाची अब्रू! गावाची अब्रू राहावी म्हणून वस्ती वेशीबाहेर ठेवायची, देशाची अब्रू राहावी म्हणून वस्तीतल्या माणसाला वेशीच्या आत कोंडायचे. दोन्हीकडे अब्रू दुसऱ्याची आणि अडकलेला आपला माणूस. पुढे १ जुलै १९६२ पासून ब्रिटननेच व्हाउचरची पद्धत आणली. नोकरी ठरलेल्यांना एक, कसब वा पदवी असलेल्यांना दुसरे, आणि उरलेल्या अकुशलांना तिसरे. तिसरे व्हाउचर देणे १९६४ मध्येच थांबले. तेथेही आधी बंद झाले ते हेच दार.

१९६७ पर्यंत पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. त्या वर्षी १० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की परदेशी जाण्याचा हक्क हा कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्याशिवाय तो हिरावता येणार नाही. त्यातून १९६७ चा पासपोर्ट कायदा आला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने हा हक्क आणखी भक्कम केला. हे मोठे निर्णय आहेत, आणि आपल्याला इतर अनेक बाबतींत ते उपयोगी पडले आहेत. मात्र न्यायालयापर्यंत पोहोचलेले अर्जदार कोण होते? एक उद्योजक आणि एक माजी पंतप्रधानांची सून. मजुराच्या देशांतराला या काळातही १९२२ चाच कायदा लागू होता.

तो बदलला १९८३ मध्ये. आखाती देशांत तेलाचा पैसा आला, मुंबई ही भरतीची मोठी पेठ झाली, दलालांनी माणसांना लुबाडले, आणि नवा एमिग्रेशन कायदा झाला. या कायद्याखाली ज्याच्या पासपोर्टावर ‘ई.सी.आर.’ म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ हा शेरा असतो त्याला ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना वेगळी मंजुरी घ्यावी लागते. आखाती देशांसह अशा देशांची यादी १८ पर्यंत गेली. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’. हेच नाव गिरमिटाच्या काळातील बंदरावरच्या अधिकाऱ्याचे होते. राज्य बदलले, झेंडा बदलला, पाटी तीच राहिली.

आणि येथेही सुटीची यादी आहेच. दहावी उत्तीर्ण असलेला, पदवीधर, राजपत्रित अधिकारी, प्राप्तिकर भरणारा, वयाची पन्नाशी ओलांडलेला. यांच्या पासपोर्टावर शेरा नाही. आधी ‘तपासणी नको’ असा वेगळा शिक्का मारीत. नंतर पद्धत अशी झाली की शेऱ्याची जागा कोरी असली की सूट समजायची. आक्टोबर २००७ पर्यंत तर शेरा असलेला माणूस नोकरीसाठी नव्हे, नुसता भावाला भेटायला निघाला तरी त्याला आधी त्या शेऱ्याला स्थगिती मिळवावी लागे. फिरायला जाणे हाही अशिक्षिताचा सहज हक्क नव्हता. अमेरिकेच्या १९१७ च्या यादीत ‘कुतूहलासाठी फिरणारा’ होता. कुतूहल हे शिकलेल्यालाच असते, असे दोन्ही यादी करणाऱ्यांनी गृहीत धरले होते.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझ्या पासपोर्टावरची ती जागा कोरी आहे. माझ्या वडिलांनी ऐन उमेदीत पासपोर्ट काढला असता तर तेथे शेरा पडला असता. आम्हा दोघांत हुशारीचे अंतर नाही. अंतर आहे ते एका गुणपत्रिकेचे, आणि ती गुणपत्रिका मला मिळावी म्हणून ते राबले. ज्याने सूट मिळवून दिली त्याला सूट नाही! आमच्या पिढीतील प्रत्येक शिकलेल्या माणसाच्या मागे शेरा असलेले एक माणूस उभे आहे. कोरी जागा ही आमची कमाई आहे हे खरे, पण ती कोरी आहे म्हणून आपण तिच्याकडे पाहणेच सोडून दिले, तर आपल्यात आणि प्रवासवर्णनकारांत फरक काय उरला?

१२ जानेवारी २०१८ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले की शेरा असलेल्यांना यापुढे नारिंगी रंगाचा पासपोर्ट दिला जाईल, इतरांचा निळाच राहील. आतापर्यंत शेरा आतल्या पानावर होता. आता तो वेष्टनावर येणार होता. विमानतळाच्या रांगेत लांबूनच ओळखता यावे की हा दहावी नापास. केरळातून आणि अन्यत्रही तीव्र विरोध झाला आणि ३० जानेवारीला सरकारने निर्णय मागे घेतला. अठरा दिवसांत प्रश्न मिटला असे वर्तमानपत्रांना वाटले. आम्हाला तसे वाटण्याचे कारण नाही. लांबून ओळखता यावे म्हणून अंगावर खूण बाळगायला लावणे ही या भूमीतील जुनी कल्पना आहे. पुणे शहराने ती गळ्यातल्या मडक्याच्या रूपाने पाहिली आहे. कल्पना सुचवणाऱ्याच्या मनात मडके नसेलही. पण मडक्याची आठवण ज्या समाजाने सतत जागी ठेवायला हवी होती, त्याच्या राज्यकारभाराला अशी कल्पना सहज सुचते, हीच चिंतेची गोष्ट आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. ही तपासणी मजुराच्या भल्यासाठीच आहे, ती काढली तर दलालांना रान मोकळे होईल, असा तो आक्षेप. आखातात मालकाच्या नावावर माणूस बांधला जातो, त्याचा पासपोर्ट काढून घेतला जातो, पगार थकतो, हे सारे खरे आहे. संरक्षण हवेच. प्रश्न हा की त्याची अट कोणावर घालायची? १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब केंद्रात मजूरमंत्री होते. १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ४८ तास ठरले, तेव्हा बंधन मालकावर आले. कामगार दहावी झाला आहे काय, असे कोणी विचारले नाही. संरक्षणाची ही एक रीत झाली. ज्याच्याकडून धोका आहे त्याला बांधायचे. दुसरी रीत अशी की ज्याला धोका आहे त्यालाच बांधायचे. घरकामासाठी जाणाऱ्या तीस वर्षांखालील बाईला मंजुरी नाकारणारा नियम या दुसऱ्या रीतीचा. तिला छळणाऱ्या घरमालकाला आपला कायदा पोहोचत नाही म्हणून तो तिला अडवतो. अशा वेळी अडलेली माणसे पर्यटकाचा व्हिसा काढून मागल्या दाराने जातात, आणि मग त्यांची नोंदच राहत नाही. ज्या संरक्षणाला चुकवून जावे लागते ते संरक्षण कसले?

शिक्षण न विचारता दार उघडे ठेवता येते काय? येते, आणि त्याचे उदाहरण आपल्या लोकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, व्यापाराची आणि ये-जा करण्याची सारखीच मुभा दिली. व्हिसा नाही. हा करार प्रेमातून झाला नव्हता. तिबेटकडे सरकणारा चीन आणि डळमळणारी राणांची सत्ता ही त्यामागची कारणे होती. पण राज्यकर्त्यांच्या हेतूपलीकडे जाऊन सामान्य माणसे करारांचा अर्थ लावतात. धम्मदीक्षेनंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. तो त्यांचा अखेरचा परदेश प्रवास. त्यांच्या मागोमाग महाराष्ट्रातील बौद्ध माणसे बसगाड्या करून कुशीनगरहून सोनौलीमार्गे लुंबिनीला जात आली आहेत. त्यांत अंगठा उठवणाऱ्या आजीबाई असतात, विटभट्टीवरचे मजूर असतात, झाडूकाम करणारी माणसे असतात. सीमेवर बसगाडीसाठी ‘भन्सार’ भरून परवाना घ्यावा लागतो, माणसांना तो लागत नाही. गाडीला परवाना आणि माणसाला सूट! आजवर पाहिलेल्या इतिहासात क्रम नेहमी याच्या उलट होता.

नेपाळ म्हणजे समतेचा स्वर्ग नव्हे. तेथील १८५४ च्या मुलुकी ऐनाने जातींची उतरंड कायद्यातच लिहिली होती आणि ती १९६३ मध्ये कायद्यातून निघाली, समाजातून अजून निघायची आहे. उघडी सीमा जात मोडत नाही. ती एवढेच सिद्ध करते की निरक्षर माणूस सीमा ओलांडून गेला म्हणून कोणत्याही देशाची अब्रू बुडत नाही. सत्तर वर्षांहून अधिक काळ हे रोज सिद्ध होत आले आहे.

मग आपण काय करायचे? पहिले काम अभ्यासाचे. गिरमिटाचे परवाने, त्यातले जातीचे रकाने, मुंबई बंदरातून गेलेल्यांची गावे, यांवर आपल्या विद्यार्थ्यांनी संशोधन केले पाहिजे. तो आपल्या समाजाचा इतिहास आहे आणि तो परक्यांनी आपल्यासाठी लिहावा, ही वाट पाहणे पुरे झाले. दुसरे काम वस्तीतले. आखातात निघालेल्या माणसाच्या हातातला करार त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवणे, दलालाची नोंदणी तपासणे, हे काम शाखेचा कार्यकर्ता आणि शाळेतला मास्तर करू शकतो. तिसरे काम मागणीचे. बंधन मालकावर आणि दलालावर घाला, मजुराच्या पासपोर्टावर नव्हे. त्याला मदत हवी आहे ती तो पोहोचल्यानंतर, आपल्या वकिलातीच्या दारात. निघताना त्याच्या वाटेत दार उभे करून ती मदत होत नाही.

ज्यांच्या पासपोर्टावरची जागा कोरी आहे त्यांनीच ही मागणी प्रथम केली पाहिजे. सूट मिळालेल्याचे ते पहिले कर्तव्य आहे.